आगबोटीवरील रात्रीच्या भोजनाचा पोषाख

श्रोतेहो, मराठवाड्यांतील ज्या तीर्थपुरी गांवीं मी राहतों, तेथून समुद्र सुमारें चारशें किलोमीटर दूर आहे. आमचें मोठें पाणी म्हणजे गोदावरीचें, आणि आमची नौका म्हणजे गोदाकांठच्या गांवांना ठाऊक असलेली होडी. अशा गांवच्या एका निवृत्त शाळामास्तरानें आगबोटीवर रात्रीच्या जेवणास काय घालून बसावें या विषयावर बोलावें, हें कित्येकांस विनोदाचें वाटेल. परंतु गेल्या कांहीं वर्षांत हा प्रश्न माझ्या ओटीवर तीन वेळां येऊन बसला. आमच्या भागांतील मुलें पुण्यास, बंगळूरास, अमेरिकेंत नोकऱ्या करूं लागलीं. त्यांच्या हातीं पैसा आला. आणि आईबापांना काशी-रामेश्वर दाखवून झाल्यावर आतां जहाजाची सफर घडवावी अशी त्यांना इच्छा होऊं लागली. इच्छा चांगलीच आहे. पण निघण्यापूर्वीं कंपनीकडून एक इंग्रजी पत्रक येतें, मुलगा तें बापाकडे पाठवितो, आणि बाप तें घेऊन माझ्याकडे येतो. "मास्तर, एवढें वाचून सांगा, आम्हांला तिथं जेवूं देतील कीं नाहीं?"

हा शेवटचा प्रश्न थट्टेचा नव्हता, हें मी प्रथमच सांगून ठेवतों. ज्यानें जन्मभर शेती केली, मुलांना शिकविलें, आणि ज्याच्या घरच्या पंगतींतून कधीं कोणी उपाशी उठला नाहीं, त्याच्या मनांत आपल्याला जेवणाच्या दारावरून परत पाठवितील कीं काय ही शंका यावी, हें मला लहान वाटत नाहीं.

पत्रकांत पोषाखाचें एक सदर असतें. त्यांत 'फॉर्मल', 'स्मार्ट कॅज्युअल', 'ब्लॅक टाय' असे शब्द येतात, आणि कोश उघडून त्यांचा उलगडा होत नाहीं. आमच्याकडील एका गृहस्थांनीं 'ब्लॅक टाय'चा शब्दशः अर्थ घेऊन जालन्याच्या बाजारांतून एक काळा टाय आणविला होता. तो निळ्या चौकटीच्या सदऱ्यावर बांधावयाचा त्यांचा बेत होता. वस्तुतः तें एका संपूर्ण पोषाखाचें नांव आहे. काळा किंवा गर्द निळा आंखूड कोट, त्याच्या गळपट्टीवर रेशीम. त्याच रंगाची विजार, तिच्या बाजूच्या शिवणीवर रेशमी फीत. पांढरा स्वच्छ सदरा. आणि गळ्याशीं फुलपांखरासारखी काळी गांठ. इतकें सर्व मिळून 'ब्लॅक टाय' होतो. 'फॉर्मल' म्हणजे समारंभाचा पोषाख; यांत साधा गर्द रंगाचा सूटहि बहुधा चालतो. आणि 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे आपण शेजारच्या गांवीं साखरपुड्यास जातांना जसे स्वच्छ व इस्त्रीचे कपडे घालतों तसे. कोटाची सक्ति नाहीं, पण घरांत लोळतांना घालावयाचे नव्हेत.

आतां हा काळा कोट आला कोठून? एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील वरच्या वर्गांत संध्याकाळीं कपडे बदलल्याशिवाय जेवणास बसत नसत, आणि तो पोषाख म्हणजे मागें दोन लांब शेपटे असलेला कोट व पांढरी गांठ. बसतांना, उठतांना त्या शेपट्यांची अडचण होई. १८६५ च्या सुमारास लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याच्या दुकानीं युवराज एडवर्ड यांच्यासाठीं एक आंखूड कोट शिवला गेला, आणि त्यांतूनच हा नवा कोट निघाला, असें सांगतात. अमेरिकेंत १८८६ मध्यें न्यूयॉर्कजवळील टक्सीडो पार्क या वस्तींत तो दिसूं लागला, म्हणून तिकडे त्याचें नांवच 'टक्सीडो' पडलें. म्हणजे ज्या कोटाच्या धाकानें आज आमचा शेतकरी घाबरतो, तो जन्मला तेव्हां घरगुती सोयीचा कपडा होता, आणि जुन्या लोकांना तो ढिलाईचा वाटे. पोषाखाच्या इतिहासांत असें नेहमींच घडतें. कालचा सैल कपडा उद्यां कडक होऊन बसतो.

जहाजांवर ही रीत विशेष रुजली याला कारण होतें. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेची वाट दोन-तीन आठवड्यांवर आली. इतके दिवस तींच माणसें, तेंच पाणी. पहिल्या वर्गाचे उतारू संध्याकाळीं कपडे बदलून दिवाणखान्यांत येत, तेवढाच दिवसाचा मोठा प्रसंग. शिवाय दुसऱ्या वर्गाच्या व खालच्या उतारूंपासून आपलें वेगळेपण त्यानें दिसून येई, हेंहि खोटें नाहीं. आमच्या कोंकणच्या किनाऱ्यानें ज्या बोटी चालत, त्यांच्या डेकवर वळकटी उशाशीं घेऊन शिदोरी सोडणाऱ्या चाकरमान्यास असला प्रश्न कधीं पडला नाहीं. जो पडला तो जागा मिळण्याचा.

परंतु निसर्गापुढें साहेबाचाहि इलाज चालत नसे. लाल समुद्रांत जहाज शिरलें कीं उकाडा असा होई कीं काळा लोकरीचा कोट अंगावर ठेवणें अशक्य. मग कोट काढून, पांढरा सदरा व काळी विजार एवढ्यावर जेवणास बसण्याची सवलत निघाली. इंग्रजींत या पोषाखाला लाल समुद्राचेंच नांव आहे. मात्र कोटाबरोबर जाकीट गेलें, आणि विजार व सदरा यांचा सांधा उघडा पडला. तो झांकण्यासाठीं त्यांनीं कमरेस रेशमी पट्टा गुंडाळला. त्याचें इंग्रजी नांव काय आहे, ठाऊक आहे? 'कमरबंद'! हिंदुस्थानांतील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं तो येथूनच उचलला, शब्द फारसींतून आपल्याकडे आलेला, आणि आज न्यूयॉर्कच्या दुकानांत तो 'ब्लॅक टाय'चा भाग म्हणून विकला जातो. पायजम्याची गोष्ट याच्या उलट आहे. आमचा बाहेर जाण्याचा पायजमा इंग्रजानें नेला आणि त्याचा निजावयाचा कपडा केला. त्यामुळें आज जहाजावर 'पायजमा घालून जेवणास येऊं नये' असें कोणी सांगितलें, तर आमच्या म्हाताऱ्यांनीं बुचकळ्यांत पडावें यांत नवल नाहीं.

आणखी एक जुना संकेत होता. प्रवासाच्या पहिल्या व शेवटच्या रात्रीं कोणी कपडे बदलीत नसे, कारण पेट्या एक तर उघडलेल्या नसत किंवा बांधून झालेल्या असत. हा संकेत आजहि बहुतेक जहाजांवर टिकून आहे, आणि कारणहि तेंच आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, जेवणासाठीं वेगळा पोषाख करावयाचा ही साहेबाची खुळी चाल; आपल्या इकडे असलें कांहीं नव्हतें. श्रोतेहो, तसें मुळींच नाहीं. ज्यांच्या घरीं आजोबा सोंवळ्यांत जेवीत, त्यांनीं आठवून पाहावें. बाहेरचे कपडे खुंटीस लावून, स्नान करून, रेशमी मुकटा किंवा कद नेसून मगच पानावर बसावयाचें. रेशीम नसेल तर धाबळी. हा जेवणाचाच पोषाख नव्हे काय? आणि त्याचे नियम विलायती नियमांहून सौम्य होते असें कोणी समजूं नये. काळा कोट नसलेल्या माणसास जहाजाच्या भोजनगृहांत बसूं देत नसत. पण सोंवळ्याच्या पंगतीच्या उंबऱ्यावरून ज्यांना परत फिरावें लागे, त्यांना कोणताहि कपडा नेसून आंत येतां येत नसे. ही गोष्ट मी मुद्दाम बोलतों, कारण विलायती शिष्टाचाराला हसतांना आपण आपलें घर विसरतों.

देवळांचेंहि तसेंच. आमच्या मराठवाड्यांत वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यांत पुरुषांस अंगांतला सदरा उतरवूनच जावें लागतें. निजामाच्या दरबारीं तर डोक्यास दस्तार व कमरेस बुगलूस नांवाचा पट्टा असल्याखेरीज सरदार-अधिकाऱ्यांस उभें राहतां येत नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची राजवट संपली. पण तिकडची शेरवानी आमच्या भागांतून लगेच गेली नाहीं. मी शाळेंत होतों तेव्हां, १९७० च्या आगेमागे, अंबडकडे वयोवृद्ध शिक्षक गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली काळी शेरवानी घालून वर्गांत येत. उन्हाळ्यांतहि वरची गुंडी सुटलेली नसे. त्या शेरवानीचा उपयोग पुढें सांगावयाचा आहे.

आमच्या माणसांनीं पहिल्यानें समुद्र ओलांडला तेव्हां हा प्रश्न त्यांना कसा भेटला? प्रथम तर वाद समुद्र ओलांडण्याचाच होता. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं यावर वर्तमानपत्रें भरत. परंतु आनंदीबाई जोशी यांनीं पोषाखाचाहि विचार निघण्यापूर्वींच करून ठेवला होता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूरच्या महाविद्यालयांत त्यांनीं इंग्रजींत भाषण केलें, त्यांत आपण चालीरीति, आहार व पोषाख यांत बदल करणार नाहीं असें स्पष्ट सांगितलें. हें श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यांतलें नव्हे, बंगालमधलें. वय जेमतेम अठरा, सोबत नवरा नाहीं. आणि ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून त्या बोटीवर चढल्या. ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या. पुढें अमेरिकेच्या थंडींत नऊवारी लुगड्याखालीं पोटऱ्या उघड्या राहूं लागल्या, तेव्हां त्यांनीं गुजराती पद्धतीनें नेसावयास सुरुवात केली. १८८५ सालचें त्यांचें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानची एक व सीरियाची एक अशा दोन सहाध्यायिनींशेजारीं त्या बसल्या आहेत, तिघीहि आपापल्या देशाच्या वेषांत. निश्चय राखून हवेपुरता बदल करावयाचा, हें त्या मुलीला जितकें समजलें, तितकें आज आपल्यांतल्या पुष्कळ प्रौढांना समजत नाहीं.

पांच वर्षांनीं, ४ सप्टेंबर १८८८ रोजीं, मोहनदास गांधी मुंबईहून बोटीवर चढले. ते अजून एकोणीस वर्षांचेहि नव्हते. त्यांनीं आत्मचरित्रांत प्रांजळपणें लिहिलें आहे कीं, कांटेचमचे धरतां येत नव्हते, कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचा धीर होत नव्हता. म्हणून ते भोजनगृहांत गेलेच नाहींत. बरोबर घेतलेली मिठाई व फळें यांवर खोलींतच त्यांचें भागलें. बोटीवर ते काळा सूट घालीत आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरतेवेळीं घालावा म्हणून त्यांनीं राखून ठेवला होता. सप्टेंबर संपतां संपतां बोटीवरून उतरले, तों पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच! ज्यांना कपड्यांच्या भीतीनें खोलींत जेवावेंसें वाटतें, त्यांनीं हा प्रसंग ध्यानीं ठेवावा. याच गृहस्थांनीं १९३१ मध्यें 'राजपुताना' बोटीनें गोलमेज परिषदेस जातांना पंचा व शालीवर सर्व प्रवास केला, आणि बरोबरच्यांनीं फाजील सामान आणलें म्हणून एडनहून तें परत पाठवावयास लावलें.

येथवर ऐकून कोणी निष्कर्ष काढील कीं, आपला देशी वेष हाच खरा मानाचा, बाकी गुलामी. मला हें मान्य नाहीं. त्याच गोलमेजीसाठीं आदल्या वर्षीं, ४ ऑक्टोबर १९३० रोजीं, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीनें मुंबईहून निघाले. बाबासाहेबांचा सूट आपणां सर्वांस परिचित आहे. त्या सुटाकडे साहेबाचें अनुकरण म्हणून पाहणाऱ्यांनीं डिसेंबर १९२७ मधील महाडची सभा आठवावी. तेथें जमलेल्या स्त्रियांना त्यांनीं सांगितलें कीं, आंखूड लुगडें नेसण्याची व गळ्यांत-हातांत चांदीकथलाचे जड दागिने घालण्याची चाल सोडा. ती तुमची खूण म्हणून लादलेली आहे. वरच्या जातींच्या बायका नेसतात तसें पायघोळ नेसा. ज्यांचा 'परंपरागत वेष' दुसऱ्यांनीं ठरवून दिलेला होता, त्यांना परंपरेचा अभिमान बाळगा असें सांगणें सोपें आहे; सांगणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागत नाहीं. तेव्हां कोणी हौसेनें काळा कोट व फुलपांखरी गांठ घालील तर त्यानें ती खुशाल घालावी. आरशासमोर उभें राहून ज्याला जें शोभतें तें त्याचें.

आतां सध्यांची वस्तुस्थिति. जहाजांचे दोन प्रकार मनांत धरावे. कांहीं कंपन्यांनीं जुनी रीत जतन केली आहे. क्यूनार्ड कंपनीचें 'क्वीन मेरी २' हें जहाज २००४ पासून चालतें. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींच्या प्रवासांत साधारणतः दोन रात्री समारंभाच्या असतात. त्या रात्रीं पुरुषांनीं काळा कोट किंवा गर्द सूट घालावा अशी अपेक्षा असते. परंतु त्याच नियमांत आपापल्या देशाचा समारंभाचा राष्ट्रीय पोषाखहि चालेल अशी सवलत असते. स्कॉटलंडचा मनुष्य गुडघ्यापर्यंतचा घागरा घालून येतो. त्याला जर कोणी अडवीत नाहीं, तर धोतरानें काय पाप केलें आहे? ज्याला नटावयाचेंच नसेल त्याच्यासाठीं दुसरें उपाहारगृह उघडें असतें, तेथें आपण होऊन ताट वाढून घ्यावयाचें.

दुसऱ्या प्रकारचीं जहाजें पुष्कळच सैल आहेत. २००० सालच्या सुमारास नॉर्वेजियन नांवाच्या कंपनीनें सक्तीचा समारंभी पोषाखच बंद केला, आणि हळूहळू इतरांनींहि दोर सैल केले. आपल्याकडे २०१८ च्या ऑक्टोबरांत मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली, २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीचें 'एम्प्रेस' मुंबईहून फिरूं लागलें. सुटींतल्या कुटुंबांसाठीं असलेल्या अशा सफरींवर काळ्या कोटाची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. सैल जहाजांवरहि बहुधा एवढेंच पाहतात कीं, मुख्य भोजनगृहांत रात्रीं पोहण्याच्या कपड्यांत, बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकांत किंवा अनवाणी कोणी येऊं नये. हें तर आपल्या घरची आजीहि सांगेल.

दोन वर्षांपूर्वीं हिंवाळ्यांत माझ्या मुलानें आम्हां उभयतांस सिंगापूरहून निघणाऱ्या एका जहाजावर चार रात्रींसाठीं नेलें, तेव्हां हें सर्व प्रत्यक्ष पाहिलें. दुसऱ्या दिवशीं डेकवर परभणीकडचें एक वयस्क जोडपें भेटलें. बाई इरकली नऊवारींत, गृहस्थ धोतर-सदरा व टोपींत. बोलतां बोलतां कळलें कीं, मुलगी व जावई रात्रीं खालीं मोठ्या भोजनगृहांत जातात, आणि हीं दोघें मात्र वरच्या मजल्यावर, जेथें आपलें आपण वाढून घ्यावयाचें तेथें जेवतात. सौभाग्यवतींनीं विचारलें, "कां हो ताई, खालीं कां नाहीं येत?" बाईंनीं पदर सांवरून म्हटलें, "अहो, आमचा हा असा अवतार. पोरीला खालीं बघायला लागंल. तिनं एवढा खर्च केलाय." पोरीनें तसें कांहीं म्हटलें नव्हतें; उलट आईबाप वर कां जेवतात हें तिला उमगत नव्हतें. तिला वाटे, त्यांना खालचें अन्न आवडत नसावें. एकाच कुटुंबाचीं चार माणसें दोन मजल्यांवर जेवत होतीं, आणि मध्यें नियम कोणताच नव्हता.

मीं त्यांना जहाजाचें पत्रक मराठींत वाचून दाखविलें. त्यांत लुगडें, धोतर किंवा टोपी यांच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतें. गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कागदावर नसतंय, दारावरच्या माणसाच्या डोळ्यांत असतंय." हें त्यांचें म्हणणें सर्वस्वी चुकीचें नाहीं, म्हणून मी वाद घातला नाहीं, "आज आपण बरोबर जाऊं," एवढेंच म्हटलें. त्या रात्रीं त्यांनीं पेटींतून भगवा फेटा काढून बांधला. दारावरील मुख्य वाढप्यानें खोलीचा क्रमांक विचारला आणि हंसतमुखानें आंत नेलें. वाढणाऱ्यांपैकीं एक मुलगा गोव्याचा निघाला. यांत अपूर्वाई नाहीं, पी. अँड ओ. कंपनीच्या जुन्या बोटींवरहि वाढपी पुष्कळदां गोवेकरच असत. बाईंनीं त्याला आईबाप कोठें असतात तें विचारलें, त्यानें त्यांच्यासाठीं बिनकांद्याची भाजी आणविली. त्याच रात्रीं दारावर एकाला अडविलेलेंहि मीं पाहिलें. तो आंखूड चड्डी व उलटी टोपी घातलेला एक सुखवस्तु तरुण होता, आणि पुण्याकडचा वाटला. कपडे बदलून यावें अशी त्याला विनंति केली गेली. तो रागावला, पण गेला आणि विजार घालून आला.

तरीहि 'दारावरच्या माणसाच्या डोळ्यांत' हें वाक्य खरें ठरल्याचीं उदाहरणें आपल्याच देशांत आहेत. जुलै २०१४ मध्यें चेन्नईच्या एका क्रिकेट-क्लबांत एका पुस्तकाच्या समारंभासाठीं आलेले मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति हरिपरंथामन यांना वेष्टी, म्हणजे आपल्या भाषेंत धोतर, नेसल्यावरून आंत सोडलें नाहीं. स्वतंत्र देशांतला न्यायमूर्ति, स्वतःच्या प्रांताचा पोषाख, आणि दरवाजा साहेब गेल्याला सत्तेचाळीस-अडुसष्ट नव्हे, बरोबर सदुसष्ट वर्षें होत आल्यावरचा! तामिळनाडूच्या विधिमंडळानें पुढच्याच महिन्यांत कायदा करून असली बंदी बेकायदा ठरविली. जहाजाला तो कायदा लागत नाहीं. परंतु तिकीट काढण्यापूर्वीं कंपनीला एक पत्र धाडून 'माझे वडील धोतर व बंद गळ्याचा कोट घालतील, चालेल ना?' असें विचारतां येतें, आणि लेखी उत्तर खिशांत ठेवतां येतें. मुलांनीं हें काम आईबापांवर टाकूं नये.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. पुरुषांस माझी पहिली शिफारस बंद गळ्याच्या काळ्या कोटाची, ज्याला दुकानांत जोधपुरी म्हणतात. ती आमच्या जुन्या शिक्षकांच्या शेरवानीचीच धाकटी भावंड. टाय नको, गांठ नको, आणि कोठल्याहि जहाजाच्या समारंभांत ती मानानें बसते. लग्नांत शिवलेला असेल तर तोच न्यावा; एका रात्रीसाठीं नवा सूट शिवून कर्ज करूं नये. धोतर नेसावयाचें असेल तर काठाचें पांढरें, घट्ट कासोट्याचें, आणि सोगा आंखूड ठेवावा. जहाजाचे जिने गुळगुळीत असतात, डेकवर वारा असतो, आणि जहाज किंचित् डुलतें. पायांत कोल्हापुरी वहाणा शोभतात, पण कातडी तळ ओल्या डेकवर निसरतो. रबरी तळाचा बंद जोडा बरोबर असावा.

स्त्रियांना खरें म्हणजे कांहींच अडचण नाहीं. साडी ही जगांतील कोणत्याहि समारंभाच्या नियमांत आपोआप बसते. आमच्या गोदेच्या वरच्या अंगास पैठण आहे. तेथल्या पैठणीला २०१० मध्यें भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण मिळालें. ती असेल तर समारंभाच्या रात्रीं तिच्यासारखें दुसरें वस्त्र नाहीं. नऊवारी नेसणाऱ्या बाईची चाल तर जहाजावर सहावारीवालीपेक्षां मोकळी असते, हें मीं जिन्यावर पाहिलें. फक्त पदर सूपाच्या वाटींत जाणार नाहीं अशा बेतानें खोंचावा. भोजनगृहांत यांत्रिक थंडी फार असते, शाल अवश्य घ्यावी. दागिने मोजके न्यावे. खोलींत लहान तिजोरी असते, ती वापरावी.

खोलींत इस्त्री बहुतेक जहाजांवर नेऊं देत नाहींत, कारण समुद्रावर आगीचें भय मोठें. कांहीं जहाजांवर धुलाईची सामायिक खोली असते, तेथें इस्त्री मिळते. नसेल तर पैसे देऊन करून घ्यावी लागते. म्हणून चुरगळणारें सुती कापड समारंभासाठीं नेऊं नये. याच कारणास्तव खोलींत निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती लावतां येत नाहीं. ज्यांचा रोजचा दिवा चुकत नाहीं, त्यांना हें निघण्यापूर्वींच समजलेलें बरें. नाहींतर पहिल्याच संध्याकाळीं पहारेकरी दार ठोठावतो आणि मन खट्टू होतें.

आणि पेट्यांविषयीं. जहाजावर चढतांना मोठ्या पेट्या कंपनीचे लोक ताब्यांत घेतात, त्या खोलीशीं पोंचेपर्यंत कधीं कधीं रात्र पडते. पहिल्या रात्रीच्या जेवणाचा एक स्वच्छ जोड, औषधें, चष्मा आणि शाल हीं हातांतल्या पिशवींतच ठेवावीं. शेवटच्या रात्रीं पेट्या खोलीबाहेर काढून ठेवावयास सांगतात. त्या वेळीं दुसऱ्या दिवशीं उतरतांना घालावयाचे कपडे व जोडा पेटींत गेले नाहींत ना, हें झोंपण्यापूर्वीं एकदां पाहून घ्यावें.